दहाला उघडणारी अंगणवाडी आणि साडेसातला निघणारी आई

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो नीट समजलाय का ते कळेल. तुमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंना साडेतीन वर्षांची मुलगी आणि चौदा महिन्यांचा मुलगा आहे. त्यांच्या वस्तीत दोन गल्ल्या सोडून अंगणवाडी आहे. तिथे फी नाही, वर खायला मिळतं. तरी मुलगी जाते एका खोलीतल्या ‘इंग्लिश मीडियम’ नर्सरीत, महिना नऊशे रुपये देऊन. धाकटा शेजारच्या आजींकडे असतो, त्यांना पंधराशे. तुम्ही अंगणवाडीचं सुचवलंत तर त्या हसल्या आणि म्हणाल्या, “नको ताई, तिथं काय शिकवत नाहीत.” गरीब माणसांना इंग्लिशचं एवढं वेड का, आणि यांना समजवायचं कसं, असं तुम्ही विचारलंय.

मी सत्तावीस वर्षं अंगणवाड्या चालवणाऱ्या एकात्मिक बालविकास योजनेत काढली, त्यातली बरीचशी शहरी प्रकल्पात मुख्यसेविका, म्हणजे अंगणवाडी सेविकांवर देखरेख करणारी म्हणून. माझ्या बीटमध्ये, म्हणजे माझ्याकडे सोपवलेल्या भागात, पंचवीसेक अंगणवाड्या होत्या. त्याआधी तीन वर्षं एका संस्थेच्या बांधकामावरच्या पाळणाघरात होते. म्हणजे मी अंगणवाडीच्या बाजूचीच. तरी सांगते, समजवायला जायच्या आधी थोडं थांबा. “तिथं काय शिकवत नाहीत” हे उत्तर द्यायला सोपं असतं, म्हणून बायका ते देतात. पगार देणाऱ्या बाईला खरं कारण सांगणं अवघड जातं, आणि ते कारण बहुतेक वेळा घड्याळात असतं.

हे मलाही फार उशिरा कळलं. नोकरीची पहिली सात-आठ वर्षं मी गृहभेटींना जाऊन बायकांना भाषणंच देत होते. खाजगीत पैसे का घालवता, आपल्याकडे आहार आहे, वजन घेतो, गाणी-गोष्टी आहेत, वगैरे. बायका ऐकून घ्यायच्या, चहा करायच्या, आणि मूल नर्सरीतच जायचं. एकदा एका ताईने मला गप्पच केलं. चार घरची धुणीभांडी करायची ती. म्हणाली, “मॅडम, तुम्ही मला एवढंच सांगा, मी साडेसातला घर सोडते. तुमची अंगणवाडी दहाला उघडते. मधल्या वेळात पोरगी कुठं ठेवू?” हातात गृहभेटीचं रजिस्टर होतं, त्याच्या मागच्या पानावर आम्ही दोघींनी तिचा दिवस लिहून काढला.

तो असा होता. साडेसातला ती घरातून निघे. पहिलं काम पावणेआठला, मग साडेनऊला दुसरं, अकराला तिसरं, एक वाजता चौथं. घरी यायला अडीच-पावणेतीन. नवरा रंगकामाला जायचा, तोही साडेआठला नाक्यावर. मोठा मुलगा महापालिकेच्या सकाळच्या शाळेत, तो साडेबाराला घरी. अंगणवाडी दहा ते दीड. म्हणजे मुलीला अंगणवाडीत घालायचं तर साडेसात ते दहा कुणीतरी सांभाळायचं, दहाला कुणीतरी नेऊन सोडायचं, आणि दीडला भावाने पुन्हा बाहेर पडून आणायचं. फुकटच्या साडेतीन तासांसाठी रोज कुणापुढे तरी हात पसरायचा. नर्सरीच्या बाई मात्र घरातच राहत होत्या. साडेसातला पोरगी दारात बसवली तरी त्यांची हरकत नसे. नर्सरी सुटायची बाराला, पण बाई पोरीला तिथंच खेळू देत, आणि साडेबाराला भाऊ येताना तिला घेऊन येई. ती फी इंग्लिशची होतीच, पण निम्मीअधिक त्या दारातल्या पाऊण तासाची आणि दुपारच्या अर्ध्या तासाची होती. पावतीवर मात्र ‘नर्सरी फी’ एवढंच लिहिलेलं.

तेव्हापासून मी कुठल्याही आईला “मूल कुठल्या शाळेत घालणार?” असं आधी विचारलं नाही. “तुमचा दिवस सांगा” म्हणायचे. पोट हातावर असलेली माणसं शाळा निवडतात असं आपल्याला वाटतं. ती निवडतात सकाळी निघाल्यापासून परत येईपर्यंत लेकराच्या अंगावर कुणाची तरी नजर राहील असा दिवस. तो दिवस नर्सरी, शेजारीण, सासू, थोरली लेक, अंगणवाडी असे तुकडे जोडून बनतो. आपल्याला बाहेरून एकच तुकडा दिसतो आणि आपण त्यावर मत देतो.

तुमच्या ताईंचा दिवस मला माहीत नाही. पण तुम्हीच लिहिलंय की त्या तुमच्याकडे साडेनऊला येतात, त्याआधी दोन घरं करून. मग दहाची अंगणवाडी त्यांना कशी जमावी?

आता धाकट्याकडे येते. खरं तर आधी त्याच्याकडेच यायला हवं होतं, कारण सगळ्यात अवघड गाठ तिथे आहे. तुमच्या प्रश्नात तो एका ओळीत आला आणि गेला.

अंगणवाडीची योजना १९७५ साली, २ ऑक्टोबरला सुरू झाली, ती आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी आणि शाळापूर्व शिक्षण यांसाठी. तीन ते सहा वर्षांची मुलं तिथे येऊन बसतात. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांसाठी घरी न्यायचा आहार असतो, ज्याला आम्ही टीएचआर म्हणतो. शिवाय वजन, उंची, दंडघेर, लसीकरणाच्या दिवशी नर्सबाई. पण तीन वर्षांखालच्या मुलाला दिवसभर सांभाळणं हे काम या आराखड्यात नव्हतंच. मूल आईच्या किंवा आजीच्या कडेवर आहे असं त्यात गृहीतच धरलेलं. शेतमजुरीला, बांधकामावर, धुण्याभांड्याला जाणाऱ्या आईचं मूल कुठे असेल, हा प्रश्न कागदावर राहूनच गेला.

कायद्याने पाळणाघरं दिली, पण कुणाला ते बघा. १९४८ च्या कारखाने कायद्यात तीसहून जास्त बायका असलेल्या कारखान्याला पाळणाघर सांगितलं. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यात पन्नासहून जास्त बायका असलेल्या कामाला. २०१७ मध्ये मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली, तीही पन्नास किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या आस्थापनांसाठी. तुमच्या ताई अनेक घरांत काम करतात आणि प्रत्येक घरात त्या एकट्याच. त्यांच्यासारख्या पन्नासजणी एका इमारतीत सकाळी लिफ्टने वर जातात, पण त्या पन्नासजणींचा मालक एक नाही, म्हणून पाळणाघर कुणीच देणं लागत नाही. सरकारची पाळणाघर योजना आहे. तिच्या नियमात महिन्याचे २६ दिवस आणि रोज साडेसात तास असं लिहिलेलं होतं, आणि हे तास ज्याने लिहिले त्याला कामकरी बाईचा दिवस माहीत होता असं मला नेहमी वाटायचं. २०२२ पासून ती ‘पाळणा’ या नावाने अंगणवाडीला जोडून चालवायची असं ठरलंय. तुमच्या ताईंच्या भागात असं ‘अंगणवाडी-कम-पाळणाघर’ सुरू झालंय का, हे बालविकास प्रकल्प कार्यालयात विचारून घ्या. असेल तर तुमचा निम्मा प्रश्न तिथेच सुटला. पण गरजेच्या मानाने अशी केंद्रं फार थोडी आहेत, तेव्हा त्या भरवशावर राहू नका.

मग लहानगं राहतं कुणाकडे? माझ्या बीटमध्ये मी चारच गोष्टी बघितल्या. गावाहून सासू किंवा आई आणून ठेवायची. मुलालाच गावी पाठवायचं आणि वर्षातून दोनदा भेटायला जायचं. शेजारणीला पैसे द्यायचे. नाहीतर थोरल्या बहिणीला शाळेतून काढून घरी बसवायचं. या चौथ्याचा खर्च कुणी मोजत नाही. नऊ वर्षांची पोरगी, कमरेवर भाऊ, एका हाताने नळावरची कळशी भरतेय, आणि शाळेच्या हजेरीपटात तिच्या नावापुढे महिनाभर ‘ग’. तुमच्या ताई पंधराशे रुपये देऊन आजींकडे ठेवतात म्हणजे त्यांनी हा चौथा रस्ता टाळलाय. त्यांच्या पगारातला तो मोठा घास आहे.

शेजारची आजी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर अडाणी, बेपर्वा कुणीतरी येतं. पण या बाया पारख कशी करतात ते बघण्यासारखं असतं. एक ताई मला म्हणाली, पहिल्या आठवड्यात मी मुद्दाम डबा विसरायचे. डबा घ्यायला म्हणून अकराला अचानक परत जायचे. बाळ झोळीत आहे, खाली फरशीवर आहे, की दारात एकटंच बसलंय ते बघायचे. आजीची टीव्ही मालिका चालू असेल तर आवाज किती आहे तेही बघायचे. दुसरी म्हणाली, मी विचारत काहीच नाही, संध्याकाळी लंगोट सोडते. मांड्यांच्या सांध्यात लाल झालं असेल तर ओल्यातच ठेवलंय समजायचं. तिसरी पोराच्या तोंडाचा वास घ्यायची: दुधाचा येतोय, बिस्किटाचा, की काहीच नाही. आमच्या तपासणीच्या तक्त्यात अठ्ठावीस रकाने होते. लंगोटाचा एकही नव्हता.

बांधकामावरच्या पाळणाघरातही हेच बघितलं. दिल्लीत १९६९ साली मीरा महादेवन यांनी राजघाटाजवळ मजुरांच्या मुलांसाठी तंबूत पाळणाघर काढलं. ‘मोबाइल क्रेश’ म्हणून पुढे ते काम मुंबई-पुण्यातही आलं, आणि त्याच वाटेवर निघालेल्या एका लहान संस्थेत मी होते. आमचं पाळणाघर छान होतं, पाळणे, खेळणी, उकळलेलं पाणी, सगळं. पण पहिले पंधरा दिवस एकही मूल येईना. बाया पोरांना वाळूच्या ढिगाजवळ, धुळीत झोपवायच्या. मुकादमाला विचारलं तर म्हणाला, त्यांना अक्कल नाही. शेवटी एक तेलुगू बोलणारी आई हातवाऱ्यांनी म्हणाली की तिथून दिसत नाही. पाळणाघराचं दार पलीकडच्या बाजूला होतं. दुसऱ्या स्लॅबवर विटा वाहताना तिला वाळूचा ढीग दिसे, आमचं दार दिसत नसे. आम्ही पत्रा कापून दार या बाजूला घेतलं. चौथ्या दिवशी अकरा मुलं होती.

मग इंग्लिशचं काय? ते आहेच, मी नाकारत नाही. पण त्याला वेड म्हणू नका. आईबापांनी शहरात बघितलंय की वॉचमनला बारा हजार आणि गेटवरच्या रजिस्टरमध्ये इंग्लिशमध्ये लिहिणाऱ्याला अठरा. तुमची स्वतःची मुलं कुठल्या माध्यमात शिकली, हेही त्या रोज तुमच्या घरात बघतात. तुमच्या घरात ‘वेड’ नसलेली गोष्ट त्यांच्या घरात वेड कशी होईल?

अडचण वेगळी आहे. नर्सरीत चाललंय ते शिक्षण आहे का, हे ओळखायचं साधन आईकडे नसतं. तिला दिसते वही. वहीत ए ते झेड, वन टू फिफ्टी, खाली लाल पेनने स्टार. आयकार्ड, टाय, बूट. अंगणवाडीतून मूल येतं ते गाणं म्हणत, हाताला मातीचा वास, वही नाही. वही नाही म्हणजे शिकवलं नाही, असा हिशेब होतो. मी अशा खोल्यांमधून गेलेय जिथे तीन वर्षांची पंचवीस मुलं पेन्सिल मुठीत धरून पानभर ‘फाइव्ह’ काढत होती. त्या वयात बोटांचे बारीक स्नायू तयार झालेले नसतात. त्यांना मणी ओवायला हवेत, कणीक मळायला हवी, जाड खडूने फरशीवर रेघोट्या मारायला हव्यात. एक पोरगी लिहिता लिहिता रडत होती आणि बाई म्हणत होत्या, “मम्मी वही बघणार आहे ना?” बाईंचीही पंचाईत होती, वहीत काही दिसलं नाही तर पुढल्या महिन्यात फी यायची नाही.

इथे एक गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. मुलाने खेळत, हाताने वस्तू हाताळत शिकावं हा विचार मॉन्टेसरीबाईंकडून गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक या बालशिक्षणतज्ज्ञांनी इकडे आणला. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ निघाला. पुढे १९४५ च्या सुमाराला ताराबाई डहाणूजवळच्या बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर, मग कोसबाडच्या टेकडीवर. आदिवासी मुलं बालवाडीत येईनात, तर त्यांनी बालवाडी उचलून पाड्यावर, अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्दच तिथला. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी तर शाळा कुरणात नेली, तिला कुरणशाळा म्हणायचे. आज तुमच्या सोसायटीजवळच्या महागड्या प्लेस्कूलमध्ये आईबाप लाखभर भरतात ते मुलाला वही न देता मातीत खेळवण्यासाठी, आणि वस्तीतली आई नऊशे भरते ते मूल खेळू नये, लिहावं म्हणून. ताराबाईंनी हे बघितलं असतं तर काय म्हणाल्या असत्या कोण जाणे. मला मात्र त्यांचं दुसरंच आठवतं: मुलं येईनात तर त्यांनी जागा आणि वेळ बदलली, आयांना दोष दिला नाही.

आणखी एक तुमच्या नजरेतून सुटलं असेल. फीचे पैसे मुलीवर खर्च होताहेत. मुलांच्या शिक्षणाची पाहणी करणाऱ्या ‘असर’ने २०१९ मध्ये लहान मुलांची ग्रामीण पाहणी केली, त्यात चार-पाच वर्षांच्या वयातच मुली सरकारी ठिकाणी जास्त आणि मुलगे खाजगीत जास्त असं दिसलं होतं. माझ्या वस्त्यांतही तेच. एकाच घरातला पोरगा व्हॅनने जातो आणि पोरगी चालत आमच्याकडे येते. तुमच्या ताईंनी पहिल्या मुलीसाठी नऊशे काढलेत, त्याला मी तरी नावं ठेवणार नाही.

आता माझ्या बाजूचंही खरं सांगते. सगळ्या अंगणवाड्या सारख्या नसतात. माझ्या बीटमधल्या काही इतक्या चांगल्या होत्या की नर्सरीवाल्या बाईंनी स्वतःचा नातू तिथे घातला होता. काही ठिकाणी दहा बाय दहाची भाड्याची खोली, शौचालय नाही, मुलाला शी लागली की मदतनीस त्याला घरी पाठवायची. सेविकेला सर्वेक्षणं, मतदार यादी, मोबाइलवर ‘पोषण ट्रॅकर’ ॲपमधल्या नोंदी. फोटो अपलोड होईना म्हणून ती खिडकीत हात बाहेर काढून उभी, आणि मुलं आत एकमेकांना चावताहेत. तिला पगार नाही, ‘मानधन’ आहे. डिसेंबर २०२३ मध्ये सेविका-मदतनीस संपावर गेल्या, तो जानेवारी संपत आला तरी चालला. त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. पण त्या काळात ज्या आयांनी मुलं नर्सरीत घातली, त्यांतल्या बऱ्याच परत आल्या नाहीत. ज्या जागेला कुलूप लागू शकतं तिच्या भरवशावर चार घरची कामं धरता येत नाहीत, एक खाडा झाला तरी कुठलं तरी घर बोलतंच.

तेव्हा अंगणवाडी की नर्सरी, याचं उत्तर त्या अंगणवाडीवर, त्या नर्सरीवर, आणि मधल्या तासांना घरात कोण आहे यावर अवलंबून आहे. सासू घरी असेल तर मी डोळे झाकून चांगल्या सेविकेची अंगणवाडी सांगेन. नसेल तर सांगणार नाही. तुम्ही स्वतः सुट्टीचा दिवस सोडून एकदा सकाळी अकराला दोन्ही ठिकाणी जाऊन या. मुलांच्या आवाजावरून बरंच कळतं. खोली चिडीचूप असेल तर काहीतरी चुकतंय, तिकडे बाई कितीही गोड बोलोत. मुलं बाईंना येऊन चिकटतात की बाई जवळ आल्या की आक्रसतात, ते बघा. हात धुवायला पाणी कुठे आहे, दाराला आतून कडी कोण लावतं, मूल न्यायला अनोळखी माणूस आला तर देतात का, हे विचारा. वही मागू नका.

मूल नर्सरीतच राहणार असेल तरी मुलीचं नाव अंगणवाडीच्या रजिस्टरमध्ये असू द्या आणि वजन-उंची तिथे होऊ द्या. याचा एक व्यवहारी फायदा पुढे आहे. मुलगी सहा वर्षांची होईल तेव्हा शिक्षणहक्क कायद्याच्या खाजगी शाळांतल्या २५ टक्के राखीव जागांसाठी अर्ज करता येईल. दुर्बल घटकातून करायचा तर उत्पन्नाची मर्यादा वर्षाला एक लाख आहे, वंचित घटकांना उत्पन्नाची अट नाही. निवड ऑनलाइन सोडतीने होते. जन्मदाखला हरवला किंवा काढलाच नसेल तर वयाचा पुरावा म्हणून अंगणवाडीच्या रजिस्टरची नोंद चालते. भाड्याने राहत असतील तर नोंदणी केलेला भाडेकरार लागतो. तिथे माझ्या डोळ्यांदेखत कितीतरी अर्ज अडले, कारण खोलीमालक करार नोंदवायला तयार होत नाही. त्याला आतापासून लागा. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्याने सरकारी शाळेच्या किलोमीटरभरातल्या खाजगी शाळांना यातून सूट दिली होती, ती मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी जुलैत रद्द केली, तेव्हा “ती योजना बंद झाली” असं वस्तीत कुणी सांगत असेल तर ते खरं नाही. आणि पहिलीच्या त्या सोडतीला नर्सरीचा दाखला लागत नाही. नऊशे रुपये या भीतीपोटी जात असतील तर ताईंना हे जरूर सांगा, कारण काही नर्सऱ्या नेमकी हीच भीती विकतात.

धाकट्याचा टीएचआर येतो का, तेही विचारा. बऱ्याच बाया आणत नाहीत, कारण वाटपाचा दिवस कामाच्या वेळेत असतो. काहीजणी आणतात आणि चव आवडत नाही म्हणून तो शेळीच्या पोटात जातो. आजींनी त्याचा गूळ-तूप घालून लाडू किंवा पातळ खीर केली तर पोरं खातात, हे मी स्वतः चुलीवर करून दाखवलेलं आहे. पण आजींच्या घरी तो पोचायला हवा.

शेवटी तुमच्याकडे असलेली एक गोष्ट, जी माझ्याकडे मुख्यसेविका असून नव्हती. तुम्ही त्यांच्या दिवसाचा एक तुकडा हलवू शकता. साडेनऊऐवजी साडेदहाला आलात तर चालेल, एवढं तुम्ही म्हणालात तर दहाला अंगणवाडीत सोडणं शक्य होईल. पहिली दोन घरंही जुळवून घेतात का ते त्यांना विचारता येईल. लसीकरणाच्या आणि वाटपाच्या दिवशी पगार न कापता दोन तास द्या. एका सोसायटीतल्या चौघीजणींनी मिळून कामाच्या वेळा अशा लावून घेतलेल्या मी बघितल्यात, आणि त्यांच्याकडची बाई तीन वर्षं कुठेही गेली नाही. हे करूनही त्या नर्सरीच पसंत करतील कदाचित. तसं झालं तर करू द्या.

पण उद्या त्या आल्या की अंगणवाडीचा विषय काढू नका. चहा द्या आणि एवढंच विचारा की धाकट्याला दुपारी कोण भरवतं, आणि काय.